पक्ष्याच्या मागे पळू नका, जागा धरून बसा: पक्षी आणि रानाचे फोटो कसे काढायचे

मी पहिल्यांदा बगळ्याचे फोटो काढले आणि घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले तर त्यात बगळा नव्हताच, बगळ्याच्या आकाराचं पांढरंफटक भोक होतं. पिसं नाहीत, छटा नाहीत, दीडशे फोटो आणि सगळे तसेच. लेन्स कमी पडली म्हणावं तर बगळा ओळखू येण्याइतका मोठा होता. त्यानंतर बरीच वर्षं चुका करत करत जी पद्धत बसली ती इथे पायरी पायरीने लिहितेय. सगळ्यांचा पहिला प्रश्न ‘कुठली लेन्स घेऊ’ हाच असतो, तो आधी उरकून टाकते, पण मला मुळात सांगायचंय ते एवढंच की एक जागा निवडा आणि तिथेच परत परत जाऊन बसा. पक्ष्याचा फोटो आणि त्याच्या रानाचा फोटो अशा दोन वेगळ्या मोहिमा काढायची गरज नसते, एकाच सकाळी, एकाच दगडावर बसून दोन्ही होतात.

सामान, थोडक्यात

पक्ष्यांसाठी ४०० एमएमच्या खाली फार ओढाताण होते, ५०० किंवा ६०० असेल तर छानच. तुमचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा असेल तर वाईट वाटून घेऊ नका, उलट इथे तो फायद्याचा आहे. निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉप बॉडीवर ४०० ची लेन्स ६०० सारखी दिसते (दीडपट), कॅननवर १.६ पट आणि मायक्रो फोर थर्ड्सवर चक्क दुप्पट. टेलीकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी, पोच वाढवणारी काच) घ्यायचा मोह सगळ्यांना होतो, पण १.४ एक्सवाला एक स्टॉप (म्हणजे निम्मा) उजेड खातो आणि २ एक्सवाला दोन, म्हणजे एफ/६.३ ची (एफ म्हणजे लेन्सच्या भोकाचं माप, आकडा मोठा तितकं भोक लहान) झूम लेन्स २ एक्स लावल्यावर जवळपास एफ/१३ होते, मग पहाटेच्या उजेडात ऑटोफोकस नुसता पुढेमागे घरंगळत बसतो. माझं मत विचाराल तर त्या पैशात बीनबॅग, गुडघ्याखाली घालायला जाडसर चटई आणि एक बऱ्यापैकी ट्रायपॉड घ्या. रानासाठी १६ ते ३५ किंवा किट लेन्सचा २४ चा टोक पुरतो. मोबाइलसुद्धा चालतो, उगाच नाक मुरडू नका.

पहिली पायरी: कॅमेरा घरी ठेवून जा

हे कोणी ऐकत नाही पण तरी लिहिते. निवडलेल्या जागी, समजा एखादं तळं आहे, पहिल्या एकदोन वेळा नुसती दुर्बीण आणि वही घेऊन जा. सूर्य कुठून वर येतो, किती वाजता समोरच्या काठावर उजेड पडतो, वारा साधारण कुठून असतो, पाण्याची पातळी, कोण कुठे बसतं. पक्षी दिसला नाही तरी त्याची बसायची जागा सापडते, पाण्यावर झुकलेल्या फांद्या नीट बघा, ज्या फांदीवर आणि तिच्या खालच्या दगडावर पांढऱ्या शिटेचे ओघळ आहेत ती फांदी कोणाची तरी रोजची बैठक आहे. खाली माशांचे खवले किंवा काटे पडलेले असतील तर मग बघायलाच नको.

दिशेचं गणित एकदाच समजून घ्या, कायम उपयोगी पडतं. पक्षी उतरताना आणि उडताना वाऱ्याकडे तोंड करतात. म्हणजे वारा तुमच्या पाठीमागून येत असेल तर उतरणारा प्रत्येक पक्षी तुमच्याकडे तोंड करून येणार, आणि वारा समोरून असेल तर दिवसभर शेपट्यांचे फोटो मिळणार. पाठीमागे ऊन, पाठीमागे वारा, अशी जागा तळ्याच्या ज्या काठाला मिळते तिथे बसायचं, मग दुसऱ्या काठावर पक्षी जास्त दिसले तरी तिकडे धावत जायचं नाही. (मी जाते कधीकधी. दर वेळी पस्तावते.)

दुसरी पायरी: जवळ जाणं, खरं तर न जाणं

माझी एक आठवण सांगते. उथळ पाण्यात शेकाट्यांचा थवा होता, लांब गुलाबी पाय, खाली प्रतिबिंब, सगळं चित्रासारखं. मी कॅमेरा डोळ्याला लावून सरळ त्यांच्या दिशेने चालत गेले. एकाने मान वर केली, मग दुसऱ्याने, मग एक जण ओरडला आणि तीस सेकंदांत अख्खं तळं रिकामं, बदकंसुद्धा गेली जी माझ्यापासून कितीतरी लांब होती. त्या सकाळी मग काहीच परत आलं नाही.

आता मी काय करते: उजाडायच्या आधी अर्धा तास जाऊन बसते, म्हणजे पक्षी येतात तेव्हा मी तिथली एक वस्तू असते. नंतर पोचले तर सरळ रेषेत न जाता तिरकं तिरकं, थांबत, खाली बसत जाते आणि पक्ष्याकडे एकटक बघत नाही. खाणं थांबवून मान ताणली की थांबायचं. पंख जरा सैल करून अंग खाली दाबलं किंवा पटकन शीट टाकली की समजायचं हा आता उडणार, दोन पावलं मागे या. पिसं साफ करायला लागला, एका पायावर उभा राहिला, परत चरायला लागला, की त्याने तुम्हाला मान्य केलं. गाडीतून उतरू नका असंही सांगेन, गाडी हे फुकटचं हाइड (लपून फोटो काढायची जागा) आहे, फक्त इंजिन बंद करा नाहीतर लेन्स थरथरते.

हाइडवरून आठवलं, इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कर्टन या भावांनी १९०० साली बैलाच्या कातड्यात लाकडी सांगाडा घालून पोकळ बैल बनवला होता, आत माणूस आणि कॅमेरा, आणि कुरणातले पक्षी त्या बैलाजवळ बिनधास्त यायचे. तेव्हाचे कॅमेरे आणि प्लेटा बघता ही माणसं वेडीच म्हणायची. आपल्याला मातकट कपडे आणि एक जाळी पुरते. जाळी नसेल तर झुडपाला पाठ लावून बसा, माणसाची आकृती आकाशावर उठून दिसली नाही की अर्धं काम झालं.

आणि खाली बसा, जमलं तर झोपाच. उभं राहून काढलेल्या पाणपक्ष्याच्या मागे चिखल येतो, पोटावर झोपून काढलेल्याच्या मागे लांबवरचा पलीकडचा काठ येतो आणि तो मऊ धूसर होतो. कितीही महाग लेन्स घेतली तरी हा फरक तिच्याने पडत नाही.

तिसरी पायरी: सेटिंग, आणि त्या बगळ्याचं काय झालं होतं

फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न शिजवलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. सावलीतली पिसं नंतर उजळायची असतील तर हा फरक दिसतो.

मोड मॅन्युअल, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटोवर. म्हणजे शटर (किती वेळ उघडं राहतं, १/५०० म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग) आणि अपर्चर (लेन्सचं भोक) तुमच्या हातात, उजेड कमीजास्त झाला तर आयएसओ सांभाळून घेतो आणि आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनही (कॅमेऱ्याच्या अंदाजापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायची सोय) चालतं. बसलेल्या पक्ष्याला १/५०० पुरतं, चरणाऱ्या चंचल पक्ष्याला १/१०००, उडणाऱ्या मोठ्या पक्ष्याला, घार किंवा बगळा, १/१६०० ते १/२०००, आणि छोटे झटक्यात उडणारे असतील तर १/३२०० च्या वर. नवीन लोक आयएसओला घाबरून शटर कमी ठेवतात आणि मग सगळं हललेलं येतं. नॉइज (फोटोतले दाणे) सॉफ्टवेअरने कमी होतं, हललेला डोळा कशानेच परत येत नाही.

अपर्चर बहुतेक वेळा लेन्सचं सर्वांत मोठं. पण एक हिशोब डोक्यात ठेवा, फुल फ्रेमवर ६०० एमएम, एफ/६.३ आणि पक्षी १० मीटरवर असेल तर फोकसची खोली साधारण १० सेंटीमीटर, आणि तो ६ मीटरवर आला तर जेमतेम ४. म्हणजे फोकस छातीवर लागला तर डोळा जाऊ शकतो. दोन पक्षी शेजारी बसले असतील तर दोघांचे डोळे एका पातळीत येईपर्यंत थांबा, नाहीतर एफ/९ किंवा एफ/११ करा.

आता बगळा. कॅमेऱ्याचं मीटर जे समोर दिसेल ते सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. काळपट पाणी, गडद झाडी आणि मधे छोटासा पांढरा पक्षी, मीटरला वाटतं अंधार आहे, तो सगळं उजळवतो, पाणी करडं होतं आणि बगळा जळून जातो. अशा वेळी कॉम्पेन्सेशन मायनस १ ते मायनस दीड. उलटं, ढगाळ पांढऱ्या आकाशावर उडणारी घार असेल तर मीटर आकाशाला करडं करतो आणि घार काळा ठिपका होते, तिथे प्लस १ ते प्लस २. पाणकावळ्यासारखा काळा पक्षी फ्रेमभर असेल तर मायनस, नाहीतर तो राखाडी दिसतो. हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) जळाला की लुकलुकणारी वॉर्निंग मेनूतून चालू करा आणि पहिल्या दोन फोटोंनंतर बघा, दीडशे फोटोंनंतर नाही.

मीटरवर भरवसा नसेल तर जुना नियम पाठ करा: स्वच्छ उन्हात, ऊन पाठीमागे असताना, एफ/१६ ला शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. आयएसओ ४०० असेल तर एफ/१६ ला १/४००, म्हणजेच एफ/८ ला १/१६००. पांढरा पक्षी असेल तर त्याहून एक स्टॉप कमी, १/३२००. ऑटो आयएसओ बंद करून हे तीन आकडे लावले की मागे झाडी असो, पाणी असो की आकाश, पक्ष्यावर पडणारं ऊन तेच असल्यामुळे पिसं बरोबर येतात. मी उडणाऱ्या बगळ्यांना आता हेच लावते.

ऑटोफोकस कंटिन्युअस ठेवा. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखणारा मोड असेल तर तो लावा, २०२० पासून मिररलेसमध्ये हे यायला लागलं आणि खरंच खेळ बदलला, पण काड्याकुड्यांच्या मागे बसलेल्या पक्ष्याच्या वेळी तो पुढची काडीच पकडतो, तेव्हा एकच छोटा फोकस पॉइंट घेऊन स्वतः नेम धरा. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या. पहिला आठवडा शिव्या द्याल, नंतर अंगठा आपोआप काम करतो: पक्षी हलतोय तर दाबून धरायचं, स्थिर आहे तर सोडायचं. आणि पूर्ण सायलेंट इलेक्ट्रॉनिक शटर वापरताना जपून, बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर वरून खाली वाचला जातो आणि जोरात हलणारे पंख वाकडे, रबरासारखे दिसतात.

चौथी पायरी: खंड्याची एक सकाळ

नुसतं सेटिंग सांगून भागत नाही म्हणून एक उदाहरण सविस्तर. छोटा निळा खंड्या. शिटेचे ओघळ असलेली फांदी सापडली, उन्हाच्या बाजूने साधारण ८ मीटरवर बसले, लेन्स बीनबॅगवर, फोकस आधीच त्या फांदीवर. पहिले पन्नास मिनिटं काही नाही. मग लांबून चिर्र असा बारीक तीक्ष्ण आवाज, हा आवाज येतो आणि पाठोपाठ तो येतो, म्हणून कानात काही घालून बसायचं नाही.

बसला की लगेच पंधरा-वीस फोटो मारू नका. दोनतीन काढा आणि थांबा. तो पाण्यात बघताना डोकं वरखाली झुलवतो, माशाचं अंतर मोजतो, झुलणं थांबून अंग ताठ आणि पुढे झुकलं की एक सेकंदात सूर. सुराचा फोटो विसरा, निदान पहिल्या वर्षी. परत येईल तो बहुतेक त्याच फांदीवर येतो, म्हणून कॅमेरा तिथेच ठेवून बर्स्ट (बटण दाबून सलग फोटो) तयार ठेवा. मासा मिळाला असेल तर फांदीवर आपटतो, डोकं एका बाजूला झटकतो, तेव्हा १/१००० लाही मासा हललेला येतो पण डोळा लख्ख असतो आणि मला तरी तसे फोटो जास्त आवडतात.

आता बारीक बघायची गोष्ट. स्वतः गिळायचा असेल तर माशाचं डोकं त्याच्या घशाकडे असतं. चोचीत माशाचं डोकं बाहेरच्या बाजूला असेल तर तो मासा दुसऱ्या कोणासाठी आहे, मादीसाठी किंवा पिल्लांसाठी. त्याच जागी तो चोचीत मासा धरून बसून राहिला आणि जाईना, तर बहुधा तुम्ही त्याच्या घरट्याच्या वाटेत बसलाय. मी त्या सकाळी तेच झालं तेव्हा गुपचूप सामान उचलून लांब गेले, फोटो सुंदर मिळत होते तरी.

घरट्याबद्दल, एकदाच आणि स्पष्ट

घरट्याचे फोटो काढू नका. तुम्ही पानं बाजूला केलीत की ऊन आणि कावळे दोघांनाही वाट मिळते, आणि पक्षी घाबरून तासभर लांब राहिला तर अंडी गार पडतात. टिटवी डोक्यावरून झेपा घेत ओरडतेय किंवा एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा लंगडत पुढे पळतोय तर तो ॲक्शन शॉट समजू नका, पिल्लं किंवा अंडी पायाशी आहेत, खाली बघत आल्या वाटेने परत जा. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून बोलावणंही नको, विशेषतः विणीच्या काळात, तो शत्रू आला म्हणून सगळं सोडून भांडायला येतो. ड्रोन तर नाहीच.

आणि कधीकधी पक्षीच हिशोब चुकता करतात. एरिक हॉस्किंग हा नामांकित ब्रिटिश पक्षी-फोटोग्राफर, १९३७ मध्ये घुबडाच्या घरट्याजवळच्या त्याच्या हाइडकडे रात्री जात असताना घुबडाने झडप घातली आणि त्याचा डावा डोळा गेला. गडी त्यानंतरही आयुष्यभर पक्ष्यांचे फोटो काढत राहिला हे वेगळं.

पाचवी पायरी: त्याच जागेवरून रान

पक्षी यायच्या आधीचा आणि गेल्यानंतरचा वेळ फुकट घालवू नका. उजाडायच्या आधी निळा उजेड असतो, सूर्य क्षितिजाखाली साधारण ६ अंशांपर्यंत असताना, तेव्हा पक्ष्यांना शटर पुरत नाही पण पाणी, धुकं आणि झाडांच्या आकृत्या यांना हाच उजेड लागतो. ट्रायपॉड, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद.

वाइड लेन्सने सगळ्यांची एकच चूक होते, सगळं मावतं म्हणून सगळं घेतात आणि फोटोत बघायला काहीच उरत नाही. जवळ जा. पायाशी एखादा ओला दगड, लव्हाळ्याचा झुपका, चिखलातली नक्षी शोधा आणि लेन्स गुडघ्याच्या उंचीवर आणा. फुल फ्रेमवर २४ एमएमला एफ/११ लावून फोकस साधारण १.८ मीटरवर ठेवला तर ९० सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतपत शार्प येतं. एफ/२२ करू नका, डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्याने) सगळंच थोडं मऊ होतं. आकाश फार उजळ असेल तर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फोटो काढून नंतर जोडा. पोलरायझर पाण्यावरची चमक काढतो, पण आकाशावर सूर्यापासून ९० अंशांच्या दिशेलाच त्याचा जोर असतो, म्हणून वाइड लेन्सवर आकाशाचा एक पट्टा गडद आणि बाकी फिकट असं विचित्र दिसतं. वाहतं पाणी रेशमासारखं हवं असेल तर १० स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी गडद काच), तो शटर साधारण हजारपट लांबवतो, १/३० चे ३० सेकंद होतात.

उजेड कसा झरकन जातो त्यासाठी अमेरिकन निसर्ग-फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सचा किस्सा. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र आणि कबरस्तानातल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचं ऊन दिसलं, गाडी थांबवून मोठा कॅमेरा लावला तर लाइट मीटरच सापडेना. चंद्र किती उजळ असतो तो आकडा त्याला पाठ होता, त्यावरून एक्स्पोजर काढलं आणि एक फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. म्हणून वर तो एफ/१६ चा नियम पाठ करा म्हटलं.

आता माझा सगळ्यात आवडता प्रकार, रानातला छोटासा पक्षी. ६०० काढून ठेवा, १०० किंवा २०० लावा. पक्षी फ्रेमच्या विसाव्या भागाइतका असला तरी चालतो, फक्त तो स्वच्छ जागेवर हवा, पाण्यातल्या आकाशाच्या प्रतिबिंबावर किंवा धुक्यावर, मागे झाडाचा बुंधा आला की हरवलाच. तो ज्या दिशेला बघतोय तिकडे जागा सोडा. सूर्यासमोरून काढत असाल तर आकाश नीट येईल असं एक्स्पोजर ठेवा, पक्षी काळा होऊ दे, पण चोच बाजूने दिसली पाहिजे आणि दोन पायांमधून उजेड आला पाहिजे, नाहीतर तो खुंटा दिसतो. पंख वाळवत बसलेला पाणकावळा यासाठी उत्तम, दहा दहा मिनिटं तसाच बसतो बिचारा.

ऊन चढलं की लांबचे फोटो बंद करा. जमिनीवरून गरम हवा उठते आणि ६०० मधून सगळं पाण्याखाली असल्यासारखं थरथरतं, लोक लेन्स दुरुस्तीला टाकतात आणि दोष हवेचा असतो.

घरी आल्यावर

थंड जागेतून उबदार दमट खोलीत आलात तर कॅमेरा बॅगेतच बंद राहू दे, तासाभराने काढा, नाहीतर काचेवर दव धरतं. फोटो निवडताना आधी फक्त डोळा बघा, शंभर टक्के मोठा करून, मऊ असेल तर उडवा, भावनिक होऊ नका. उरलेल्यांत क्रॉप, थोडं एक्स्पोजर, नॉइज कमी, आणि शार्पनिंग फक्त पक्ष्यावर, मागच्या धूसर भागावर नाही. हिरवा रंग जरा कमी करा, कॅमेरे गवत फार भडक करतात. पक्षी दुर्मिळ असेल किंवा वीण चालू असेल तर टाकताना नेमकी जागा लिहू नका आणि फोटोतलं लोकेशन काढून टाका.

मग वहीत तारीख, वेळ, वारा, कोण कुठल्या फांदीवर बसलं ते लिहा. मी प्रत्येक वेळी निघायच्या आधी त्या रिकाम्या फांदीचाही एक फोटो काढते, पुढच्या वेळी अंधारात पोचल्यावर कुठे बसायचं आणि लेन्स कुठे रोखायची ते तोच सांगतो.